शिवार नसलेले गाव

इंग्लंडमधल्या जुन्या गावांत चर्चभोवती थडगी असतात, आणि त्या थडग्यांवरची नावे वाचत गेले की गावातली चार-पाच घराणी आपोआप ओळखीची होतात. लेस्टरशायरच्या दक्षिण टोकाला, वेलँड नदीच्या काठी वसलेल्या मार्केट हारबरोमध्ये मात्र ही सोय नाही. तिथले सेंट डायोनिशियस चर्च भर रस्त्यात उभे आहे. इसवी सन १३०० च्या सुमारास करड्या चुनखडी दगडात बांधलेला त्याचा सुमारे १६० फुटी निमुळता मनोरा फरसबंदीतूनच वर निघतो. त्याच्या पायथ्याशी ना कुंपण, ना गवत, ना एखादी कलंडलेली स्मृतिशिला. चर्चच्या दारातून बाहेर पडणारा माणूस दोन पावलांत दुकानांच्या रांगेत येतो.

याचे कारण गावाच्या जन्मात आहे. हारबरो हे शेतीभोवती हळूहळू वाढलेले खेडे नव्हे. बाराव्या शतकात शेजारच्या ग्रेट बोडेन या जुन्या वस्तीच्या जमिनीतून एक तुकडा काढून, रस्ता आणि नदी जिथे एकमेकांना भेटतात तिथे, केवळ व्यापारासाठी वसवलेली ती एक पेठ होती. त्यामुळे तिला स्वतःचे शिवार मिळाले नाही आणि स्वतःची दफनभूमीही मिळाली नाही. चर्चचा दर्जा पोटशाखेचा होता, आणि माणूस गेला की त्याला गावाबाहेर, आजच्या रेल्वे स्टेशनजवळ असलेल्या सेंट मेरी इन आर्डन या मूळ चर्चच्या आवारात न्यावे लागे. त्या चर्चचे आता भग्नावशेष तेवढे राहिले आहेत. नांगरायला जमीन नाही आणि पुरायलाही नाही, असे हे गाव पहिल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जिवावर जगले. मी लेस्टरमध्ये राहते आणि हारबरोला या ना त्या कामाने नेहमी जाणे होते. आज तिथले रहिवासी ज्या सुखसोयींचा अभिमान बाळगतात, त्यांतल्या बहुतेक मुळात वाटसरूंसाठी आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी उभ्या राहिल्या होत्या, असे माझे मत दरवेळी अधिक पक्के होत जाते.

इथल्या बाजाराचा उल्लेख १२०४ पासून सापडतो आणि १२२१ पासून बाजाराचा वार मंगळवार आहे. आठशे वर्षांत राजे बदलले, राजाचा शिरच्छेद झाला, धर्मपंथ बदलला, नाण्यांची पद्धतही बदलली, पण मंगळवार टिकला. हाय स्ट्रीट पाहिला की बाजाराने गावाला कसा आकार दिला ते नकाशाशिवाय कळते. उत्तरेकडे हा रस्ता एवढा रुंद आहे की तिथे पाल, गाड्या आणि गुरे एकाच वेळी मावावीत, आणि चर्चच्या दिशेने येताना तो हळूहळू आवळत जातो. दोन्ही बाजूंना अठराव्या शतकातल्या विटांच्या दर्शनी भिंती आहेत. त्यांतल्या काहींच्या मागे त्याहून जुनी लाकडी घरे दडलेली आहेत, कारण पैसा आल्यावर घर पाडण्यापेक्षा त्याचा चेहरा नवा करणे स्वस्त पडे.

चर्चच्या शेजारीच या गावाची सर्वांत ओळखीची इमारत आहे, ती म्हणजे १६१४ सालची जुनी ग्रामर स्कूल. रॉबर्ट स्मिथ नावाचा इथला एक मुलगा लंडनला गेला, तिथे त्याने नशीब काढले आणि उतारवयात गावाला शाळा बांधून दिली. जागा मात्र बाजारातलीच होती, आणि बाजाराची जागा घेणे म्हणजे गावाच्या पोटावर पाय देणे. त्याने काढलेला तोडगा असा, की शाळा ओकच्या जाड खांबांवर वर उचलून बांधायची आणि खालची जागा मोकळी ठेवायची, म्हणजे पावसापाण्यात बाजारकऱ्यांना आडोसा मिळेल. वर लॅटिनचे पाठ, खाली लोण्याचा बाजार. आजही खाली उभे राहिले की खांबांच्या कडा माणसांच्या खांद्यांच्या उंचीवर झिजलेल्या दिसतात, आणि वरच्या तुळयांवर कोरलेली बायबलमधली वचने मान वर करून, इमारतीला पूर्ण प्रदक्षिणा घालतच वाचावी लागतात. खोली एकच आहे आणि तीही फार मोठी नाही. हिवाळ्यात खालून येणारा वारा फळ्यांच्या फटींतून पोरांच्या पायांना कसा झोंबत असेल, हा विचार मला तिथे हटकून येतो.

या शाळेत १८६९ नंतर विल्यम हेन्री ब्रॅग नावाचा एक मुलगा शिकला. आई वारल्यामुळे तो कंबरलँडहून इथे काकांकडे राहायला आला होता. काकांचे गावात औषधांचे दुकान होते आणि बंद पडलेली शाळा पुन्हा सुरू करण्यात त्यांचाही पुढाकार होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना उलगडल्याबद्दल १९१५ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक याच मुलाला, त्याचा मुलगा लॉरेन्स याच्यासह मिळाले. शाळा १८९२ मध्ये या इमारतीतून बाहेर पडली. रॉबर्ट स्मिथचे नाव मात्र गावातल्या आजच्या माध्यमिक शाळेला आहे, म्हणजे एका लंडनवासी व्यापाऱ्याची देणगी ४०० वर्षे उलटून गेल्यावरही मुलांच्या गणवेशावर दिसते.

लंडन ते लेस्टर हा हमरस्ता गावातूनच जात असे, आणि घोडागाड्यांच्या जमान्यात तिथे मुक्काम पडणे किंवा घोडे बदलणे ठरलेले होते. थ्री स्वान्स आणि एंजल या सरायांची आता हॉटेले झाली आहेत, पण त्यांच्या कमानी मात्र घोडागाडी आत शिरेल एवढ्याच उंच आहेत. थ्री स्वान्सची घडीव लोखंडाची पाटी रस्त्यावर पुढे झुकलेली आहे. अठराव्या शतकातल्या लोहाराने तिच्यात एवढी वेलबुट्टी भरली आहे की त्या नक्षीतून हंस शोधून काढावे लागतात. जाहिरातीची ही जुनी रीत मला आवडते, कारण दुरून येणाऱ्या गाडीवानाला वाचता येत नसले तरी पाटी ओळखता येत असे.

रस्त्यावरून सैन्यही येत असे. जून १६४५ मध्ये राजा पहिला चार्ल्स याच्या फौजेचा तळ हारबरो आणि आसपासच्या गावांत होता, आणि राजा स्वतः जवळच्या लबनम खेड्यात उतरला होता. १४ जूनच्या सकाळी काही मैलांवरच्या नेझबीच्या माळावर संसदेच्या फौजेने त्याचा असा पाडाव केला की यादवी युद्धाचे पारडे कायमचे फिरले. पकडलेल्या सैनिकांतल्या कितीतरी जणांना त्या रात्री सेंट डायोनिशियस चर्चमध्ये कोंडले होते, आणि संसदेच्या फौजेतला सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याने संसदेच्या सभापतीला विजयाचे पत्र लिहिले ते त्याच दिवशी, याच गावातून. गावाने स्वतः काही केले नाही. जागा रस्त्यावर होती म्हणून इतिहास मुक्कामाला आला आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघून गेला.

प्रवासाच्या इतिहासात या गावाचे जे स्थान आहे, तेही एका पायी प्रवासामुळे. डर्बीशायरमध्ये जन्मलेला टॉमस कुक हा सुतारकाम शिकलेला तरुण बाप्टिस्ट प्रचारक १८३२ च्या सुमारास हारबरोत राहायला आला. ॲडम अँड ईव्ह स्ट्रीटवर त्याचे बिऱ्हाड होते, लाकूडकामावर पोट होते आणि खरा ध्यास दारूबंदीचा होता. सरायांवर जगणाऱ्या गावात दारूबंदीचा प्रचार करणे म्हणजे रोज नवे शत्रू जोडणे होते, पण कुक चिकाटीचा होता. ९ जून १८४१ रोजी लेस्टरमधल्या दारूबंदीच्या सभेसाठी तो पायी निघाला. हे अंतर सुमारे १५ मैलांचे आहे. वाटेत किबवर्थ गावाजवळ त्याच्या मनात आले की नव्या रेल्वेची एक अख्खी गाडीच सभेला जाणाऱ्यांसाठी ठरवली तर किती बरे होईल. त्याप्रमाणे ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसे प्रत्येकी एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला जाऊन आली. लोकांना दारूच्या गुत्त्यापासून दूर ठेवण्यासाठी काढलेली ही सहल पुढे जगातल्या एका मोठ्या पर्यटन व्यवसायाची नांदी ठरली. कुक मात्र त्याच वर्षी हारबरो सोडून लेस्टरला स्थायिक झाला.

मराठी वाचकाला या गोष्टीचा पुढचा भाग जवळचा वाटेल. कुकच्या कंपनीने १८८१ मध्ये मुंबईत कचेरी उघडली. काही वर्षांतच हिंदुस्थान सरकारने मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था तिच्याकडे सोपवली, म्हणजे हारबरोतल्या बाप्टिस्ट प्रचारकाच्या नावावर मक्केची तिकिटे निघू लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधली मूळ कंपनी दिवाळखोरीत बुडाली, तिची दुकाने एका दिवसात बंद झाली आणि सुट्टीवर गेलेली हजारो कुटुंबे परदेशांत अडकली. तिच्यापासून आधीच वेगळी झालेली भारतातली कंपनी मात्र चालूच राहिली, आणि त्याच वर्षी तिने भारत, श्रीलंका व मॉरिशससाठी हे नाव विकतही घेतले. फोर्टमध्ये डॉ. दादाभाई नौरोजी रोडवरून जाताना ज्यांनी टॉमस कुक ही अक्षरे दगडी इमारतीवर लहानपणापासून पाहिली आहेत, त्यांना ती मुंबईचीच वाटत असतील. लेस्टरशायरमधल्या किती लोकांना ही हकिकत ठाऊक आहे, याबद्दल मला शंका आहे.

कुकच्या त्या सहलीच्या आधी तीसएक वर्षे गावात पाण्याचा रस्ता आला होता. मुख्य कालव्यापासून हारबरोपर्यंतचा फाटा १८०९ मध्ये पूर्ण झाला आणि कोळसा, धान्य व लाकूड उतरवण्यासाठी धक्का बांधला गेला. आता तिथे सदनिका आहेत, आणि अरुंद, लांबलचक, रंगीत नावा भाड्याने घेऊन हौशी मंडळी कालव्यावर सुट्टी घालवतात. त्या नावेने काही मैल गेले की फॉक्सटन येते. तिथले काम पाहिल्याशिवाय या भागाबद्दल कुणी काही सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका टेकडीच्या उतारावर पाण्याच्या दहा कोठ्या, पाच-पाचच्या दोन मालिकांत, जिन्यासारख्या बांधलेल्या आहेत. त्या १८१४ मध्ये खुल्या झाल्या. नाव एका कोठीत शिरते, दरवाजे मागे बंद होतात, वरचे पाणी खाली सोडले जाते, आणि नाव इंच-इंच वर उचलली जाते. असे दहा वेळा झाले की ती ७५ फूट चढलेली असते. प्रत्येक कोठीला पाणी सोडण्याच्या दोन झडपा आहेत, एक तांबडी आणि एक पांढरी. आधी तांबडी उघडायची आणि मग पांढरी, हा इथला अलिखित कायदा. क्रम चुकला तर पाणी भलत्याच कोठीत जाऊन काठावरून वाहू लागते, म्हणून त्यासाठी रचलेले यमक इथली शाळकरी मुलेही म्हणून दाखवतात. काठावर उभे असलेले स्वयंसेवक नवख्या नावाड्याच्या हातातल्या किल्लीकडे बारीक लक्ष ठेवून असतात, आणि चूक होण्याआधीच ओरडतात.

या चढाईला पाऊण तास ते एक तास लागतो, आणि एकदा नाव वर निघाली की समोरून येणाऱ्याला थांबावे लागते. हा खोळंबा टाळण्यासाठी १९०० मध्ये शेजारच्या उतारावर रूळ टाकून पाण्याने भरलेल्या दोन अवाढव्य टाक्या वाफेच्या इंजिनाने वर-खाली नेण्याची योजना झाली. प्रत्येक टाकीत दोन नावा मावत, आणि जे काम तासाभराचे होते ते बारा मिनिटांत होई. तोवर माल रेल्वेने पळवला होता. कोळशाचा आणि कामगारांचा खर्च भागेना, म्हणून १९११ मध्ये यंत्राचा नियमित वापर थांबला, पुढे त्याचे लोखंड मोडीत विकले गेले, आणि १८१४ च्या संथ कोठ्या मात्र आजतागायत चालू आहेत. यंत्रयुगातल्या हुशारीवर इतका मिस्कील अभिप्राय मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

रेल्वे गावात १८५० मध्ये आली, आणि लाल विटांचे आजचे देखणे स्टेशन १८८० च्या दशकातले आहे. रेल्वे आल्यावर गावातला माल सगळीकडे जाऊ लागला, आणि सिमिंग्टन हे नाव मोठे झाले. या स्कॉटिश भावांपैकी विल्यमने किराणा मालापासून सुरुवात करून वाटाण्याच्या पिठाचे झटपट सूप तयार केले, जे क्रिमियन युद्धात सैनिकांना पुरवले गेले. दुसरा भाऊ जेम्स शिंपीकामाचे दुकान चालवत असे. त्याच्या बायकोला कॉर्सेट, म्हणजे बायकांनी कंबर आवळून बांधायच्या चोळ्या, शिवण्याचे ज्ञान होते, आणि मुलांनी त्यातून कारखाना उभा केला. शिवणयंत्रे नवी होती तेव्हाच ती आणून बसवणाऱ्यांपैकी ही मंडळी होती. अख्ख्या चर्चलाही झाकोळून टाकेल अशी, अनेक मजली विटांची इमारत १८८९ पर्यंत पूर्ण झाली. तिच्यात गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका पिढ्यानपिढ्या कामाला गेल्या. १९०८ मध्ये याच कारखान्याने लहान मुलींसाठी लिबर्टी बॉडिस नावाचे मऊ, हाडांच्या पट्ट्या नसलेले अंगवस्त्र बाजारात आणले. आज ऐंशीच्या घरात असलेल्या इंग्रज आजीबाईंपाशी त्याचे नाव काढा, त्या लगेच त्याच्या रबरी गुंड्यांची आठवण सांगतात.

कॉर्सेटची सद्दी संपली तशी इमारत रिकामी होऊ लागली. ती पाडून मोटारतळ करता आला असता, आणि इंग्लंडमधल्या अनेक गावांनी साठ-सत्तरच्या दशकांत अगदी तेच केले. इथे कारखान्यात कौन्सिलची कचेरी आली, आणि आता त्याच छपराखाली वाचनालय व संग्रहालयही आहे. कर भरायचा, मुलांसाठी पुस्तके बदलायची आणि पावसाची सर येऊन गेली की बाहेर पडायचे, ही सगळी कामे एका दारातून होतात. संग्रहालयात अर्थातच कॉर्सेट आहेत. कंबरेचा घेर पाहून काचेसमोर थबकलेल्या मुलींच्या चेहऱ्यावरचे भाव वाचण्याजोगे असतात. तिथला खरा ठेवा मात्र हॅलटन गावचा. २००० साली शेतात सापडलेल्या या ठेव्यात लोहयुगातली व रोमन काळातली मिळून पाच हजारांहून अधिक नाणी आणि चांदीच्या पत्र्याने मढवलेले, सोन्याचा मुलामा दिलेले रोमन शिरस्त्राण होते. ती जागा स्थानिक हौशी अभ्यासकांच्या गटाने शोधली, आणि ठेवा लंडनला न जाता जिल्ह्यातच राहिला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

सोयींचा हिशेब मांडायचा तर उणी बाजूही आहे. गावात सेंट ल्यूक्स हॉस्पिटल आहे, पण रात्री छातीत दुखू लागले तर केटरिंग किंवा लेस्टर गाठावे लागते. २५ हजारांच्या आसपासच्या वस्तीसाठी नदीकाठचे वेलँड पार्क आहे, स्वयंसेवक चालवतात ते छोटे नाट्यगृह आहे, पोहण्याचा तलाव आहे. कढीपत्ता आणि ओला नारळ मात्र लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरूनच आणावा लागतो. रेल्वेने तासाभरात लंडनला पोहोचता येत असल्यामुळे तिथे नोकरी करणारी कुटुंबे इथे घरे घेतात, घरांच्या किमती स्थानिक तरुणांच्या आवाक्याबाहेर जातात, आणि ग्रेट बोडेनच्या ज्या शिवारातून हे गाव कोरून काढले होते, त्याच शिवारात आता नव्या वसाहती उठत आहेत.

हमरस्त्याची वाहतूक १९९० च्या दशकात बाहेरच्या वळणरस्त्यावर गेली आणि गावाने मोकळा श्वास घेतला. गुरांच्या बाजाराच्या जागी दुकानांचे संकुल आले. मंगळवारचा बाजार आता नॉर्दॅम्प्टन रोडवरच्या छताखालच्या मंडईत भरतो. तिथे मासे, मांस, लोकर, जुनी भांडी, आणि फक्त तीन परगण्यांतच बनवता येणारे स्टिल्टन चीज मिळते. विक्रेते ओळख असो वा नसो, प्रत्येकाला या भागाच्या रीतीप्रमाणे ‘मी डक’, म्हणजे ‘माझ्या बदका’, अशी लाडाची हाक मारतात, आणि माझ्यासारख्या साडी नेसून आलेल्या बाईलाही त्यातून सूट नाही. हाय स्ट्रीटची ती आठशे वर्षांची रुंदी मात्र उभ्या केलेल्या मोटारींना दिली आहे. माझ्या मते आठवड्यातला निदान एक दिवस तिथे पाल पडावेत, कारण ती जागा त्यासाठीच आखलेली होती. मंडईतल्या चीजवाल्याला मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्याने वरच्या पत्र्यावर वाजणाऱ्या पावसाकडे बोट दाखवले आणि माझा पुडका बांधायला घेतला. रॉबर्ट स्मिथही बहुधा त्याच्याच बाजूने उभा राहिला असता.